दोरीपलीकडचा रस्ता

ता. ३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी मिळालं. मधाची बाटली एक, बूच जरा गळालं होतं पण कापडात मुरला तेवढाच. लोकरीचे पायमोजे दोन जोड. सुकवलेले जर्दाळू पिशवीभर. आणि तुझ्या मुकादमांनी स्वतः कोरलेला लाकडी चमचा. सगळं छान आहे. पण पार्सलवरची तिकिटं पाहून मी आधी त्यांची बेरीज करत बसले. तेवढ्या पैशांत इथे आणखी दोन बाटल्या मध आला असता. यापुढे येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातीच देत जा. सूनबाई येतेच आहे, तिच्याबरोबर रिकामी बाटली धुऊन पाठवते.

हो, सूनबाई तुझ्याकडे पंधरा दिवस येते आहे. दातांच्या दवाखान्यातून तिने रजा काढली. कारण तुला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी त्या डोंगरातल्या शर्यतीत ती पळाली आणि शेवटचा चढ संपायच्या आत मागे राहिलेल्यांना गोळा करत येणाऱ्या गाडीने तिला उचलून आणलं. यंदा पुन्हा नाव घातलंय. डिसेंबरात चिरंजीवांना बंदरावर राहायला जागा मिळणार, मग ती तिकडे जाईल. तिथे म्हणे सगळं टेबलासारखं सपाट. तेव्हा जे काय व्हायचं ते यंदाच, असं तिने मनाशी घेतलंय.

धाकटे, मी मॅट्रिक झालेली बाई आहे, अगदीच काही अडाणी नाही. पण बेचाळीस किलोमीटर पळायचं, तेही चढावर, आणि पोचायचं तिथे कोणी वाट बघत नाही, काही न्यायचं नाही, काही आणायचं नाही, ह्याचा हिशेब मला लागत नाही. तिला विचारलं तर म्हणते कशी, "आई, तुम्ही जप कशासाठी करता?" मी म्हटलं, जप आणि पळणं एक का गं? तर म्हणाली, "मोजत तर दोघीही असतो." आणि गेली भांडी घासायला.

तू तिच्यावर नजर ठेव. खोदून विचारू नकोस, ती मिटून घेते. नुसते कान उघडे ठेव आणि ती कशाच्या मागे पळते ते मला कळव. तिला दूध प्यायला लाव. साय काढून चालेल.

तुझी,
ताई


ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
तुझ्या गुप्तहेराचा नमस्कार.

तुझी सून पोचली, रिकामी बाटलीही पोचली. तू ती वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळली होतीस. सुनेला एवढं गुंडाळलं नव्हतंस.

आता ऐक. पहाटे उठते, आवाज न करता दार ओढते आणि खालच्या पुलापर्यंत उतरते. तिथून पळत वर. घाट आमच्या दारात संपतो म्हणून मला खिडकीतून सगळं दिसतं. ह्यांची आणि तिची फार गट्टी जमली आहे. इतक्या वर्षांत हे माझ्याशी रस्त्याबद्दल बोलले नसतील तेवढं तिच्याशी बोलतात. कुठल्या वळणावर आतल्या बाजूने पळू नये, पाणी कुठून वाहतं, खडी कुठे सुटते. परवा म्हणाले, "सातव्या वळणाला सगळे पळणारे रस्ता बांधणाऱ्याला शिव्या देतात. तो मी बांधलाय. मला इथे घरात बसून ठसका लागतो." ती इतकी हसली की दूध नाकातून आलं. साय काढलेलं होतं, काळजी नको.

आता मुद्द्याचं. आमच्या घरापुढे थोडं चाललं की खडक आहे आणि रस्ता त्याच्यामागे वळतो. तिथून पुढे शर्यतीचे शेवटचे नऊ किलोमीटर. मी म्हटलं, चल, तुला पलीकडे काय आहे ते दाखवते, पाच मिनिटांचं काम. तर तिने चक्क पाठ फिरवली! "नको मावशी. मला ते फुकटात बघायचं नाही." मी म्हटलं, अगं गेल्या वर्षी गाडीतून गेलीस ना तिथूनच? म्हणाली, "डोळे मिटून बसले होते."

घे. ह्याच्या मागे पळते ती. मला तरी एवढंच कळलं.

आणि एक. शर्यत भरवणारे शिट्टीवाले गृहस्थ येऊन गेले. दुपारी एक वाजता आमच्या दारात रस्त्यावर आडवी दोरी धरायची असते. एकच्या आत जो आला तो पुढे गेला, नंतर आला त्याला थांबवायचं, कारण पुढचा रस्ता मग ट्रकांना खुला होतो. दर वर्षी धरणारा माणूस यंदा नाही, म्हणून ते म्हणाले, "तुम्ही धराल का?" आपलीच मुलगी पळणार आणि आपणच दोरी धरायची, हे बरं दिसेल का? तू सांगशील तसं.

तुझी धाकटी


ता. २ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

सूनबाई सुखरूप आली. मध मिळाला, ह्या वेळी एक थेंब सांडला नाही. बघ, माणसाच्या हाती दिलं की कसं नीट येतं.

दोरी धर. मुद्दाम धर. आणि धरशील तर अशी धर की कोणी बोट दाखवता कामा नये. एकाच्या ठोक्याला आडवी टाकायची, एक क्षण इकडे नाही, एक क्षण तिकडे नाही. सूनबाई असली तरी नाही. ती असली तर मुळीच नाही. मावशीने सोडलं म्हणून ती पुढे गेली असं कोणी म्हटलं तर तिच्या दोन वर्षांच्या पहाटा मातीत जातील. देवाला असलं चालत नाही आणि मलाही नाही.

"फुकटात बघायचं नाही" हे मला इतकं आवडलं की मी ते दिवसभर मनात घोळवत होते. आपल्या घरात हे वाक्य माझ्याखेरीज कोणी बोलेल असं वाटलं नव्हतं. पण मग माझ्याच डोक्यात किडा शिरला. काय आहे गं त्या खडकामागे? तू एवढी वर्षं तिथे राहतेस, कधी एका शब्दाने लिहिलं नाहीस. मला लिही, मी थोडीच पळणार आहे. नको, थांब. नको लिहू. मला कळलं तर माझ्या तोंडून निघेल आणि ती कानावर हात ठेवून बसेल.

तिचा सराव जोरात चालू आहे. आमच्या इथे चढ कुठला, म्हणून ती पाण्याच्या टाकीचा जिना चढते-उतरते. टाकीचा पहारेकरी मला बाजारात भेटला. म्हणाला, "तुमच्या सूनबाईंचं काही हरवलंय का वर?"

शर्यतीच्या दिवशी ती सुटल्यापासून तुझी दोरी पडेपर्यंत मी देवापुढून उठणार नाही असं ठरवलंय. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.

ताई


ता. ६ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुला एव्हाना सगळं कळलं असेलच. तरी माझ्या हाताने लिहिते, म्हणजे तुझ्या मनात राहायला नको.

सकाळी धुकं होतं, मग ऊन पडलं. मी दोन पिंपं लिंबूपाणी केलं होतं. पहिला पळणारा अकराच्या आत आला, नुसता बोरूसारखा, घोटभर पाणीही न घेता गेला. मग एकेक, दोनदोन. शिट्टीवाल्यांनी मला एक काळं घड्याळ दिलं होतं. त्याला काटेच नाहीत, नुसते आकडे उड्या मारतात. चुकून कसलं बटण दाबलं तर शून्य झालं. मी ते पिशवीत टाकलं आणि आपलं मनगटावरचं वापरलं. ते उभ्या जन्मात कधी बंद पडलेलं नाही.

एकाला थोडा अवकाश असताना ती सातव्या वळणावर दिसली. ताई, ती चालत नव्हती, पळत होती. मागे आणखी सहाजण. हे म्हणाले, "येते, येते." मी घड्याळ बघत होते. काटा एकावर आला तेव्हा ती विजेच्या दोन खांबांइतकी लांब होती. हे माझ्याकडे बघत होते. मी तुझं पत्र आठवलं आणि दोरी टाकली.

ती आली आणि दोरीशी उभी राहिली. छाती भात्यासारखी चालली होती. तिने एकदा स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. मला वाटलं आता भांडेल, निदान रडेल. तिने नुसता छातीवरचा नंबराचा कागद सोडला, घडी केली आणि मला म्हणाली, "मावशी, लिंबूपाणी उरलंय का?"

मागची गाडीही मेली त्या दिवशीच उशिरा आली. तोवर ती खडकाकडे पाठ करून आमच्या पायरीवर बसून होती. मग गाडीत बसली, आणि गाडी सुटताना मी बघितलं, डोळे मिटलेले होते.

हे माझ्याशी तेव्हापासून धड बोलत नाहीत. मी नियमाने वागले की नाही, तूच सांग. तू म्हणालीस तसंच केलं ना?

धाकटी


ता. १३ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तू म्हणालीस तसंच केलंस. शाबास. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण शाबास.

एक सांगू? दोरी तुझ्या हातात होती हे ती मला बोललीच नाही. "वेळ संपली आई," एवढंच म्हणाली, आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. खांबांचं, लिंबूपाण्याचं मला तुझ्याच पत्रातून कळलं. मावशीचं नाव मध्ये येऊ नये म्हणून गप्प राहिली असेल. आपली निवड चुकली नाही एवढं खरं.

पळायला जात नाही आता. पहाटे उठते आणि स्वयंपाकघरात बसून राहते. बूट धुऊन, आत कागदाचे बोळे भरून माळ्यावर ठेवले. बंदरावर न्यायच्या सामानात नाहीत ते.

काल मात्र गंमत झाली. चहा उकळत होता, रेडिओवर बातम्या लागल्या. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या आपल्या घड्याळाकडे. म्हणाली, "आई, हे दुरुस्तीला का देत नाही आपण? लग्न होऊन आल्यापासून बघते, दहा मिनिटं पुढे असतं." मी म्हटलं, अगं बिघडलेलं नाही ते, मीच पुढे ठेवते. आमच्या वडिलांची कारखान्याची पाळी चुकू नये म्हणून आमची आई घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची. आम्हा दोघी बहिणींच्या हाडात मुरलंय ते. मी भिंतीवरचं ठेवते, तुझी मावशी मनगटावरचं.

ती हसायला लागली, अगदी पोट धरून. आणि मध्येच थांबली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, चहा उतू गेला." चहा काही उतू गेला नव्हता. मी तिथेच उभी होते.

आजकालच्या मुलींचं हसणं-थांबणं मला समजत नाही. तुला काही उमगलं तर कळव.

ताई


ता. १७ ऑक्टोबर

ताई,

मला उमगलं.

तुझं पत्र टपाल येतं त्या दुकानाच्या पायरीवर वाचलं आणि तिथेच बसले. माझं घड्याळ पुढे आहे हे मी विसरूनच गेले होते. कधी खाली गावात घड्याळ लावलं तरी बोटं आपोआप काटा पुढे सारतात, मन त्यात नसतंच. इथे माझं घड्याळ कशाशी ताडून बघायचं? एक बस, ती माझ्या मते रोज उशिरा येते. ताई, तीस वर्षं मी त्या बसवाल्यांना उशिराबद्दल बोलत आले. तिघे निवृत्त झाले माझं ऐकून घेत.

त्या दिवशी एक वाजलाच नव्हता. मागची गाडीही वेळेवरच आली होती. तुझी सून वेळेत होती, आणि तिच्यामागचे सहाही असतील. मी त्यांना अडवलं.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "आधी घड्याळ नीट लाव." लावलं.

उद्याच्या पहिल्या बसने खाली जाऊन शिट्टीवाल्यांना सांगणार आहे. तू सूनबाईला सांगशील का, की मीच येऊन सांगू? माझी तिच्यापुढे उभं राहायची हिंमत होत नाही.

धाकटी


ता. २४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. दोन दिवस मी रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं आणि राग कुठे ठेवू ते कळेना.

शर्यतीच्या दिवशी मी एक वाजेपर्यंत देवापुढे बसणार होते. बसले. आणि भिंतीवरचं घड्याळ बघून एक वाजता उठले. म्हणजे मीसुद्धा दहा मिनिटं आधीच उठले! ज्या दहा मिनिटांत पोरीला गरज होती, त्याच वेळी मी गुडघे चोळत वरण गरम करत होते. तू दोरी टाकलीस आणि मी माळ खाली ठेवली, एकाच क्षणाला. आईने दोघींना चांगलं वळण लावलं म्हणायचं.

सूनबाईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. मान खाली घालून ऐकत होती. मी विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"दोरीपाशी वाटलं माझंच घड्याळ मागे पडलं. त्या रेडिओच्या सकाळी कळलं."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"काय बोलू आई? मावशींनी दोन पिंपं लिंबूपाणी केलं होतं. काकांनी मला वळणन्‌वळण शिकवलं होतं. एका शर्यतीपायी त्यांना आयुष्यभर टोचत राहील असं कशाला करू?"

मी म्हटलं, "एका शर्यतीपायी? दोन वर्षं टाकीचा जिना चढलीस ती एका शर्यतीपायी?"

तेव्हा रडली. शर्यतीनंतर पहिल्यांदा. मी तिला रडू दिलं. मग मी विचारलं, राग आलाय का मावशीचा? डोळे पुसत म्हणाली, "राग नाही. पण आई, मला नक्की पोचता आलं असतं का, हे आता कधीच कळणार नाही. तेवढं लागतं मनाला."

धाकटे, मला हेच खुपतंय. पदकाचं काय, पितळेचं असतं. पण एखाद्याला स्वतःबद्दल एक गोष्ट कळायची होती आणि आपण दोघींनी ती कळू दिली नाही.

शिट्टीवाले काय म्हणाले ते लिही. तू येऊ नकोस, भाडं वाया जाईल. ती तुझ्यावर रागावलेली नाही, मीही नाही. भिंतीवरचं घड्याळ मी उतरवून बरोबर लावलं. दोन दिवस माझं सगळं चुकतंय. दूधवाल्याला वाटतं मी आजारी आहे.

ताई


ता. १ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

शिट्टीवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, निकाल छापून गेला. त्यात मला काही करता येत नाही. पण तुम्ही स्वतःहून सांगायला आलात, हे मी विसरणार नाही." मी म्हटलं, माझं कौतुक नको, त्या सातजणांचं बोला. तर हात पसरले. रस्ता बंद ठेवायची परवानगी वर्षातून एकदाच मिळते, असं म्हणाले.

मी तोंड पाडून घरी आले. हे चुलीपाशी बसले होते. म्हणाले, "रस्ता बंद ठेवायची परवानगी? नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी डांबराच्या डागडुजीसाठी घाट सकाळपासून तीनपर्यंत बंदच असतो. दर वर्षी असतो. मीच तर बंद करतो." तीस वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला, पण त्या क्षणी मला तो नव्याने आवडला. जरा डांबराचा वास येत होता, तरी.

शिट्टीवाल्यांना निरोप धाडला. ते उडालेच. त्यांनी सातहीजणांना पत्रं टाकली: पदक नाही, टाळ्या नाहीत, निकालात नाव नाही, फक्त रस्ता आहे, आणि वेळ तीच. चौघांचा होकार आला. सूनबाईला विचार. घाट जमत नसेल तर आमच्या दारातून पुढचे नऊ किलोमीटरच पळाली तरी चालेल. दोरी बांधणारच नाही.

धाकटी


ता. १९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
मुकादमांना नमस्कार, तुला आशीर्वाद.

आम्ही काल रात्री घरी सुखरूप पोचलो. बसमध्ये सूनबाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, माझा हात बधिर झाला पण हलवला नाही.

निघताना बोलायला वेळ मिळाला नाही म्हणून लिहिते. तू म्हणत होतीस दारातून पळाली तरी चालेल, ते तिने ऐकूनच घेतलं नव्हतं. "अर्ध्यावरून सुरू केलं तर ते कळायचं राहीलच ना आई." आणि दोरीही बांधा म्हणाली, बरोबर एक वाजता, बरोबर घड्याळावर. तुझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. तू दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधून उभी होतीस आणि तरी मुकादमांना विचारत होतीस किती वाजले.

ती दोरीपाशी आली तेव्हा मी तिथे नव्हते हे तुला लागलं असेल. मी मुद्दाम पुढे गेले होते. खडकापर्यंत चालत गेले आणि वळले. मी तर पळत आले नव्हते, माझ्यासाठी फुकटच होतं ते. पण इतक्या दिवसांची उत्सुकता, राहवलं नाही. धाकटे, तू हे मला कधी लिहिलं नाहीस ते बरं केलंस. दरी एकदम उघडते, खाली तळं, तळ्याभोवती पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पिवळी, तपकिरी, मध्येच एखादं हिरवं. आणि रस्ता! उतरत, वळत, पार तळ्याकाठच्या त्या पांढऱ्या घरापर्यंत सगळाच्या सगळा दिसतो. सबंध घाट आंधळेपणाने चढायचा आणि मग इथे एकदम कळतं की कुठे पोचायचंय. मी दगडावर बसले आणि माळ काढली. जप काही झाला नाही. नुसती बघत बसले.

मग पावलं वाजली. ती वळणावर आली, मला पाहिलं, पण थांबली नाही. तिने थांबू नये म्हणून मी हातही केला नाही. तिने समोर बघितलं आणि तिच्या तोंडून एक आवाज आला, लहान मूल पाण्यात पाय घालताना काढतं तसा. आणि ती उताराला लागली. तिला मी पहाटे दार ओढून जाताना कधी बघितलं नव्हतं. पाठमोरी ती इतकी मोकळी दिसते हे मला माहीत नव्हतं. तळ्यापर्यंत मी तिला बघत होते, मग ठिपका, मग तोही नाही. डिसेंबरात गाडीत बसवायची आहे तिला. आता मी बसवीन.

पोचली ती. शिट्टीवाल्यांनी शिट्टी वाजवली आणि मुकादमांच्या मजुरांनी फावडी आपटली, एवढाच समारंभ. मुकादमांनी मला डांबराच्या गाडीतून तळ्याकाठी आणून सोडलं तेव्हा मी तिला विचारलं, कळलं का? म्हणाली, "कळलं." काय कळलं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बघ, शिकते आहे मी.

आता एकच काम. पळणाऱ्यांतला तो करड्या दाढीचा सुतार, जो दोरी पडायच्या जरा आधी धापा टाकत निसटला, तो शेवटच्या उतारावर अजून येत होता आणि आमची बस सुटली. मागच्या काचेतून दिसला. एक हात कमरेवर, लंगडत, पण येत होता. सूनबाई सीटवर गुडघे टेकून उलटी बसली होती. वळण आलं आणि तो दिसेनासा झाला. काल रात्रीही विचारत होती, आज सकाळीही. मलाही चैन नाही, खरं सांगते. तीननंतर ट्रक सोडले का मुकादमांनी, की थांबले त्याच्यासाठी? तिकिटाला पैसे खर्च झाले तरी चालतील, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट बघू नकोस. किती वाजता ते राहू दे. तो पोचला का, एवढंच उलट टपालाने कळव.

तुझी,
ताई